कडबा खाणारा ट्रॅक्टर

मी जन्माला घातलेला पहिला ट्रॅक्टर कडबा खायचा. नुसता खायचा नाही, तर वर पाणी पिऊन, घटकाभर निवांत उभा राहून मगच पुढे सरकायचा. हे सगळं अर्थात कागदावर, छापील अक्षरांत. पण तो कागद मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळापुढे मोठ्या आवाजात वाचून दाखवला होता. त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या संगणकातल्या कारकिर्दीबद्दल काहीतरी प्रेरणादायी लिहा" असा निरोप धाडला, तेव्हा मला आधी हसू फुटलं. प्रेरणेचं नंतर बघू, आधी ट्रॅक्टरचं सांगते.

सत्तरचं दशक निम्म्याहून पुढे सरकलं होतं. सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा लागतो त्या पट्ट्यात, नदीकाठी, आमचा कारखाना होता. मी सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी, जैनांच्या घरातली, संख्याशास्त्रात एम. एस्सी. झालेली. पोरगी बँकेत लागेल अशी वडिलांची समजूत होती. लागले कारखान्यात, आणि तिथं माझं नाव पडलं 'कॉम्प्युटरबाई'. कारखान्यात कॉम्प्युटर नव्हता. फक्त बाई होती. पण आमचे चेअरमन आण्णा कुठल्याशा परिषदेत ऐकून आले होते की कॉम्प्युटरला विचारलं की तो तोंड न बघता खरं सांगतो. तसं सांगणारा मंडळात एकही सभासद नसल्यामुळे आण्णांना त्याची फार निकड वाटत होती.

भानगड होती उसाच्या वाहनांच्या रांगेची. ज्यांनी साखर फक्त चहात बघितली आहे त्यांच्यासाठी सांगते. तोडलेला ऊस कारखान्यात येतो तो एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर टाकतात. त्याला म्हणतात गव्हाण. तिथून तो गिरणीत जातो. ही गिरणी मोठी खादाड. तिला सतत घास लागतो, आणि गव्हाण रिकामी पडली की ती थांबते, भोंगा वाजतो, आणि चेअरमनपासून शिपायापर्यंत सगळ्यांचं तोंड उतरतं. आमच्या आवारात दोन रांगा होत्या. एक बैलगाड्यांची, ती माणसं हातांनी रिकामी करायची. दुसरी ट्रक-ट्रॅक्टरची, ती क्रेनने रिकामी व्हायची.

संचालकांपैकी तात्यांचे स्वतःचे ट्रक होते. त्यांचं म्हणणं, दोन रांगांची चैन कशाला? एकच रांग करा, जो आधी आला तो आधी सुटला. ऐकायला अगदी न्यायाचं. पण ट्रक सुटला की धुरळा उडवत घटकेत ऊसतोडीच्या फडावर पोहोचतो. बैलगाडी बैलाच्याच चालीने जाणार. तिची वेगळी रांग असली तर ती दुपारच्या आत रिकामी होते आणि दिवसात दुसरी खेप होते. ट्रकच्या मागे अडकली की एकच.

हे मला शिरपती मानेंनी समजावलं. शिरपती वडूजकडचे. पलटणीतून निवृत्त झालेले, दर हंगामाला बैलगाडी घेऊन ऊस ओढायला यायचे. त्यांच्या बैलांची नावं होती मेजर आणि सुभेदार. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आवं बाई, पंदरा वर्सं मेजर म्हनंल तसं चाललो. आता मी म्हनंल तसं मेजर चालतूय. लय बरं वाटतंय."

मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "दोन खेपा झाल्या तर बैलांचं प्वाट भरून आमाला बी दोन घास ऱ्हात्यात. येका खेपंत बैलंच आमाला खात्यात. लाईन मोडली तर ही जोडी मिरजंच्या बाजारात उबी करायची, दुसरं काय? तुमचा त्यो कॉम्प्युटर काय म्हनतोय तेवडं कळवा."

मंडळ निम्मं इकडे, निम्मं तिकडे. आण्णांनी तोड काढली. "कॉम्प्युटर सांगंल त्ये आपुन करू. मग माज्यावर कुनी रुसायचं न्हाई." आणि मला मुंबईला धाडलं.

मुंबईत एका संशोधन संस्थेत एक भलंमोठं यंत्र होतं आणि त्याच्याजवळ डॉ. रेगे नावाचे गृहस्थ होते. ते नॉर्वेत राहून आले होते आणि तिथल्या लोकांनी काढलेल्या सिमुला नावाच्या भाषेवर त्यांचा फार जीव. ऊस त्यांनी रसाच्या गाड्यावर सोडून कुठे पाहिला नव्हता. मी कॉम्प्युटर पाहिला नव्हता. त्यामुळे आमचं छान जमलं. त्या भाषेत असं करता यायचं की यंत्राच्या पोटात एक खोटा कारखाना मांडायचा, त्यात वाहनं जन्माला घालायची, रांगेत उभी करायची, रिकामी करायची आणि हंगाम कसा जातो ते बघायचं. खऱ्या उसाचं कांडंही वाया न घालवता.

आता इथं माझ्या धंद्यातली एकमेव गोष्ट मला समजावून सांगायची आहे. एकच आहे, पळून जाऊ नका. आधी 'वाहन' नावाचा एक वर्ग लिहायचा. वर्ग म्हणजे साचा. प्रत्येक वाहनाला नंबर असतो, ऊस असतो, येण्याची वेळ असते. त्याच्या खाली उपवर्ग: बैलगाडी, ट्रक. त्यांना वाहनाचं सगळं असतंच, वर स्वतःचं काही असतं. बैलगाडीला बैल आणि कडबा, ट्रकला डिझेल. पण गंमत अशी की नुसतं वाहन कधी जन्माला येत नाही. धान्य कुणी खाल्लंय का? खातो ती ज्वारी, नाहीतर तांदूळ. तसं येतं ते बैलगाडी होऊन येतं किंवा ट्रक होऊन येतं. रांगेला त्याचं काही देणंघेणं नसतं. ती म्हणते, पुढचं वाहन या. मग प्रश्न उरतो तो हा की जन्माच्या क्षणी कोण ठरवणार, याला बैलगाडी करायचं की ट्रक? आणि कशावरून ठरवणार? एकदा जन्माला आलं की बदलत नाही. बैलगाडी म्हणून आलं ते बैलगाडी म्हणूनच सुटणार. पुढे मी निवृत्त होईपर्यंत मोठमोठ्या कंपन्यांतली टाय लावलेली माणसं याच प्रश्नावर हमरीतुमरीवर येताना पाहिली. त्यांच्याकडे निदान बैल नव्हते.

मी पहिल्यांदा काय केलं, तर आवाराची तीन फाटकं होती, म्हणून तिन्ही फाटकांवर हा निर्णय वेगवेगळा लिहून ठेवला. निघायच्या आदल्या दिवशी आण्णांनी हुकूम सोडला की ट्रॅक्टरही धरा. मी दोन फाटकांवर ट्रॅक्टर घातला. तिसरं, नदीकडचं, राहून गेलं. आणि कशातच न बसणारं काही आलं तर? तर बैलगाडी, असं मी लिहिलेलं होतं. ओळखू न येणारं सगळं बैलगाडीच्या माथी मारायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कारखान्यात राहून ते आपोआप अंगात येतं.

मंडळापुढे मी वाचायला लागले. "नदीकडचं फाटक. बैलगाडी आली. ट्रेलर दोन. बैल सोडले. कडबा दिला. पाणी दिलं. बैल पुन्हा जुंपले."

"थांबा थांबा," तात्या म्हणाले. "दोन ट्रेलर बैलगाडीला?"

"तो ट्रॅक्टर आहे," मी घाम पुसत म्हटलं.

"मग कडबा कुनी खाल्ला?"

"ट्रॅक्टरनं."

एक वयस्कर संचालक कळवळून म्हणाले, "खाऊ द्या की. मुकं जनावर हाय." आणि मग जो हशा उसळला तो बाहेर काट्यावर वजन करणाऱ्यांनीही ऐकला. आण्णा डोळे पुसत म्हणाले, "बाई, ट्रॅक्टरनं श्यान किती टाकलं त्ये बी सांगतोय का वो कॉम्प्युटर?" रांगेचा निकाल पुढे ढकलला गेला. फाटकाजवळ शिरपती उभे होते. मी नुसती मान हलवली. ते म्हणाले, "असूं द्या. बाजार काय पळून जात न्हाई."

डॉ. रेग्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून पडायचे राहिले. मग म्हणाले, "मिस चौगुले, तीन-तीन ठिकाणी बाळंतपणं कशाला करताय? एक प्रसूतिगृह काढा. फाटकानं फक्त सांगायचं, वाहन आलंय. त्याचं काय करायचं ते एकाच जागी ठरेल. उद्या आणखी कुठला प्रकार निघाला तर बदलही एकाच जागी." किती साधी गोष्ट! मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

परत येऊन मी ही युक्ती आण्णांना सांगितली, आणि तिथंच चुकलं. ती त्यांना इतकी पसंत पडली की त्यांनी ती खऱ्या आवारातही लागू केली. दोन फाटकं बंद. एकच फाटक चालू, आणि तिथं दादू. दादू फाटकावरचा जुना माणूस. गळ्यात शिट्टी, हातात पत्र्याचे बिल्ले: बैलगाडीला लाल, ट्रकला पिवळा, ट्रॅक्टरला निळा. त्याच्या डोक्यावर एक फळा लावला आणि त्यावर मी, माझ्या सुवाच्य अक्षरात, प्रोग्राममधलाच नियम लिहिला. जनावर जुंपलेलं असेल तर बैलगाडी. इंजिन चालू असेल तर ट्रक किंवा ट्रॅक्टर.

दादूला फार दिवसांनी अधिकार मिळाला होता. तो प्रत्येक ट्रकच्या बॉनेटला कान लावून डोळे मिटायचा. "म्याडम, आवाज येतूय. पिवळा." बैलगाडी आली तर वाकून बैल जुंपलेले आहेत का ते बघायचा. गाडीवान खवळायचे. "दाद्या, गेल्या साली तूच सोडलंस न्हवं रं आमाला?" दादू फळ्याकडे बोट दाखवायचा. "गेल्या सालचं गेल्या साली. आता नियम हाय."

आणि मग ती दुपार उजाडली. म्हणजे दुपार कशी उजाडणार, पण माझ्या लेखी ती उजाडली.

तात्यांचा ट्रक उसाने खच्चून भरून येत होता तो वाटेतच बंद पडला. काही केल्या सुरू होईना. ऊस वाळतोय म्हणून तात्यांनी जवळच्या वस्तीवरून बैलजोड्या मागवल्या आणि ट्रकला जुंपल्या. ती वरात फाटकावर आली. दादूने बॉनेटला कान लावला. काही नाही. मग पुढे जाऊन जू तपासलं. भरपूर बैल. त्याने शांतपणे लाल बिल्ला काढला.

"आरं, ट्रक हाय ह्यो!" ड्रायव्हर ओरडला.

"असंल. पर जनावर जुपलंय. वर लिवलंय, वाच."

"तात्यांचा हाय!"

"तात्यांचा हाय असं फळ्यावर न्हाई."

ट्रक बैलगाड्यांच्या रांगेत गेला. त्या रांगेच्या तोंडाशी दोन दगडी खांब होते, बैलगाडी जाईल एवढ्याच अंतरावर. ट्रक त्यांच्यात बाटलीच्या बुचासारखा बसला.

तेवढ्यात मागून शिरपती आले. मेजरच्या खुरात खडा गेला होता आणि तो लंगडत होता, म्हणून शिरपतींनी गाडी एका ओळखीच्या ट्रॅक्टरमागे बांधली होती आणि बैलांना मागे दाव्याने चालवत आणलं होतं. जू रिकामं. इंजिन चालू. दादूने निळा बिल्ला दिला. शिरपती शिस्तीचे माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. बैल बाजूला बांधून, गाडी ट्रॅक्टरमागे ठेवून ते क्रेनच्या रांगेत गेले, क्रेनखाली ट्रॅक्टर सुटा केला आणि दोर सोडायला उसावर चढले.

क्रेनवाल्याला वरून बिल्ला दिसतो. निळा दिसला, त्याने आकडा सोडला, खालच्या माणसाने तो उसाला आवळलेल्या दोरखंडात अडकवला. पण बैलगाडीत दोरखंड गाडीलाही बांधलेला असतो. क्रेनने उचललं. ऊस वर गेला, उसाबरोबर गाडी वर गेली, आणि गाडीबरोबर निवृत्त हवालदार शिरपती माने वर गेले.

"हॉल्ट!" ते ओरडले. "हॉल्ट!"

क्रेनवाला आज्ञाधारक. त्याने तिथंच थांबवलं. मधोमध, हवेत. चाकं सावकाश फिरत होती. शिरपती एका हाताने दोर धरून, अंग ताठ ठेवून उभे. खाली मेजर आणि सुभेदार मान वर करून बघत होते. त्यांच्या आयुष्यात गाडी प्रथमच त्यांच्याशिवाय निघाली होती.

इकडे खांबांत ट्रक अडकलेला, त्यामागे बैलगाड्या तुंबलेल्या, क्रेन हवेत लटकलेली. गव्हाण रिकामी पडली आणि भोंगा वाजला. आण्णा कार्यालयातून एका पायात चप्पल घालून धावत आले. त्यांनी एकदा बैल जुंपलेल्या ट्रककडे बघितलं, एकदा आभाळातल्या बैलगाडीकडे, आणि मग माझ्याकडे.

"बाई, ह्ये कॉम्प्युटरनं केलं का तुमी?"

"दोघांनी मिळून, आण्णा," मी म्हटलं.

शिरपतींना सुखरूप खाली घेतलं. कुणाला खरचटलंही नाही. पण तात्यांना जे हवं होतं ते आयतं मिळालं. "बगा दोन रांगांचा तमाशा! उद्यापासनं येकच रांग. पक्का निर्णय मंडळाच्या फुडच्या सभेत." आण्णांना बोलायला तोंड राहिलं नव्हतं. रांग एक झाली. बैलगाड्या ट्रकच्या मागे दिवसभर उभ्या राहू लागल्या.

मला शिरपतींसमोर जायचं धाडस होत नव्हतं. तेच माझ्या टेबलाशी आले. "बाई, तुमचा राग न्हाई. हवंतनं नदीपल्याडचं सगळं दिसलं. लय झ्याक." मग टोपी काढून हातात धरली. "पर येकच खेप हुतीया. सभा झाली की कळवा. मिरजंला जायचं तर मेजरचा पाय बरा व्हायच्या आत न्हाई जाता येनार, एवडंच बगतूय." ते गेल्यावर मी रजिस्टरात तोंड घालून बसले. एका फळ्यावर लिहिलेल्या दोन ओळींमुळे एक माणूस आपली जोडी विकणार होता, आणि त्या ओळी माझ्या होत्या.

पुन्हा मुंबई. पुणं-सातारा रस्त्यावर शिरवळच्या अलीकडे एस.टी. बंद पडली. मांडीवर प्रोग्रामच्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा खोका, ज्याचं कंडक्टरने लगेज लावलं होतं, आणि डोक्यात बैल. कंडक्टर म्हणाला, "चला, खाली उतरा, धक्का मारा." उतरलो. बायकांनाही सोडलं नाही. पदर खोचून मीही धक्का मारायला लागले. शेजारी एक म्हातारबुवा ढकलत होते. ते कंडक्टरला म्हणाले, "आवं मास्तर, ढकलतोय आमी. तिकिटाचं पैसं द्या की म्हागारी."

कंडक्टर म्हणाला, "कुनी का ढकलंना आजोबा, बस ती बसच."

मी ढकलायची थांबले. मागच्यांनी शिव्या दिल्या. पण मला लख्ख दिसलं होतं. कोण ओढतंय यावरून वाहनाचा प्रकार मी ठरवत होते. ओढणारा बदलतो. आज बैल, उद्या ट्रॅक्टर, परवा एस.टी.चे उतारू. पण आमच्या आवाराला वाहनाकडून हवं काय होतं? ते रिकामं कसं करायचं एवढंच. हाताने की क्रेनने. ते फडापासून गव्हाणीपर्यंत बदलत नाही. मग प्रसूतिगृहात विचारायचा प्रश्न तोच. आणि ओढणारा कोण ते वाहनाच्या खिशात एका चिठ्ठीवर ठेवायचं, हवं तेव्हा बदलायचं. नंतर मोठी होऊन बघते तर या शहाणपणावर जाड जाड ग्रंथ निघालेले. मला ते शिरवळला, धक्का मारताना, फुकट मिळालं. फुकट म्हणजे, लगेज सोडून.

डॉ. रेगे खूष झाले. इतके की त्यांनी आणखी एक युक्ती सुचवली. प्रत्येक वेळी नवी बैलगाडी घडवायचा खटाटोप कशाला? एक नमुन्याची गाडी ठेवा आणि तिच्या नकला काढा. मी नमुना म्हणून कुणाची गाडी घेणार? शिरपतींची घेतली, त्या दिवशीची होती तशी. छापून आलं तेव्हा सबंध हंगामातल्या झाडून सगळ्या गाड्या लंगडत आल्या होत्या, कारण प्रत्येक नकलेत मेजरच्या खुरातला खडा उतरला होता. रेगे म्हणाले, "नमुना निरोगी निवडावा." मी ती युक्ती सोडून दिली आणि पुन्हा प्रसूतिगृहाकडे वळले. आणि तिथली एक जुनी खोडही मोडली. न ओळखू येणारं वाहन आलं तर त्याला गुपचूप बैलगाडी करायचं नाही. तिथंच थांबून ओरडायचं, हे काय आहे ते सांगा!

या वेळी उत्तर आलं ते सरळ होतं. ट्रकवाले सगळे एकाच धाब्यावर जेवतात आणि जेवून एकदम येतात. रांग एकच असली की क्रेनपाशी त्यांची गर्दी होते, बैलगाड्या त्यांच्यामागे अडकतात, हाताने रिकामं करणारी माणसं तंबाखू मळत बसतात आणि गिरणी उपाशी राहते. दोन रांगा असल्या की ट्रक नसतात तेव्हा गव्हाण बैलगाड्या भरतात. भोंगा वाजत नाही. मी ते कागद छातीशी धरून आले.

सभेत मी सगळं सांगितलं. आण्णा खूष दिसले, पण तात्या काही ऐकेनात. "ह्येच त्ये कडबा खानारं यंत्र न्हवं? ह्येच्यावर इस्वास कसा ठिवायचा?"

"तात्या, तुम्ही कुठलंही वाहन सांगा. यंत्र त्याचं काय करेल ते मी सांगते," मी म्हटलं.

मंडळाला खेळच मिळाला. एकाने विचारलं, ट्रॅक्टरमागं बांधलेली बैलगाडी? हाताने रिकामी होते, म्हणजे बैलगाडी. सायकलवरून मोळी आणली तर? हाताने. हत्तीवरून आणली तर? यंत्र ओरडेल, हे काय आहे? "बराबर हाय, आमी बी वरडू," कडबावाले वयस्कर संचालक म्हणाले. मग कुणीतरी विचारलं, मंत्र्यांची गाडी?

"ती आपल्याकडं रिकामी हुत न्हाई," आण्णाच म्हणाले, "भरून जाती." त्यावर बराच वेळ सभा तहकूब झाल्यासारखीच होती.

तात्या हसले नाहीत. ते टेबलावर पुढे वाकले. आवाज बारीक झाला होता. "माजा ट्रक. त्या दिशी बैलं जुपून आनला हुता त्यो. त्येचं काय?"

"क्रेनने रिकामा होतो. म्हणजे ट्रक."

"बैलं जुपली तरी?"

"कुणीही ओढला तरी."

"आन् यंजिन बंद आसलं तरी?"

"तरी ट्रकच, तात्या."

तात्यांनी सगळ्यांकडे बघितलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेले कित्येक दिवस गावात, बाजारात, सासुरवाडीत या माणसाला लोक एकच विचारत होते, तात्या, तुमची बैलगाडी काय म्हणतीय? लाल बिल्ला त्यांच्या फार जिव्हारी लागला होता.

"म्हंजी कॉम्प्युटर म्हनतोय की त्यो ट्रकच हुता," ते म्हणाले.

"तेच म्हणतोय."

"मग तसं ठरावात लिवा. आधी त्ये लिवा."

लिहिलं. सदर वाहन हे ट्रकच होते, अशी सभेची खात्री झाली. त्याच्याखाली, बैलगाड्यांची रांग वेगळी ठेवावी. दोन्ही मिळून एक ठराव, सूचक तात्या, अनुमोदन सर्वांचं. शास्त्र, सिमुला, माझे मुंबईचे हेलपाटे, सगळं एका बाजूला. निकाल लागला तो तात्यांच्या ट्रकची अब्रू वाचली म्हणून. पुढच्या नोकऱ्यांत मी अनेक उत्तम प्रोग्राम लिहिले आणि त्यातले काही धूळ खात पडले, कारण तिथं कुणाचा ट्रक सापडला नाही. त्याची थोडी रुखरुख आहे.

दादूचा फळा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून नव्याने लिहिला: रिकामं कसं होतं ते विचारा. दादू नाराज झाला. बॉनेटला कान लावायचं गेलं.

शिरपतींना सभेचं मी कळवलं होतं, पण ते नुसते हं म्हणाले होते. पलटणीतली माणसं हुकूम अमलात आल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. त्या दिवशी त्यांची गाडी लाल बिल्ला घेऊन आत गेली. मी कामाचं निमित्त काढून फाटकाशी उभी राहिले. दुपार व्हायच्या आत गाडी रिकामी होऊन खडखडत परत आली. मेजरचा पाय बरा झाला होता. शिरपतींनी कासरा ओढला आणि गाडी वस्तीकडे न वळवता फडाच्या रस्त्याला लावली.

मला सगळं कळत होतं, तरी मी वेड्यासारखं विचारलं, "आता कुठं निघालात?"

त्यांनी गाडी थांबवलीसुद्धा नाही. "आवं बाई, असं काय इचारताय? दुसरी खेप न्हाई व्हय आनायची?"